भरलेलीच परत येणारी बाटली

मी एक बाटली बोलतेय. स्टीलची, पाण्याची, पोटावर एक पोचा असलेली. माझ्यासारख्या तुम्ही पुष्कळ पाहिल्या असतील. शाळकरी मुलांच्या गळ्यात लोंबणाऱ्या, बाकाखाली गडगडणाऱ्या, बसमध्ये विसरलेल्या. आमचं मत विचारायची पद्धत नाही. पण मला बोलायचंय, आणि गोड बोलेन अशी हमी मी देणार नाही.

कारण ही गोष्ट माझी थोडी आणि एका मुलीच्या उजव्या मनगटाची जास्त आहे. ते मनगट पुरतं वाचू शकलं असतं. घरात अनुभवी माणसं जरा कमी असती, तर नक्कीच.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या सपाट चकतीला यंत्राने दाबून खोलगट केलं, मग आणखी खोल केलं, मान आवळली, पॉलिश केलं. झाकणात रबरी कडं बसवलं. शेवटच्या टेबलावर एक बाई होती. ती आम्हाला पाण्याने भरायची, झाकण लावायची आणि उलटं धरायची. थेंब गळला की बाद. माझा गळला नाही. त्या दिवशी मला वाटलं, झालं, आयुष्यातली परीक्षा संपली.

पोचा मला दुकानात आला, पेटी उतरवताना. दुकानदाराने काय करावं? त्याने मला फडक्याने लखलखीत पुसलं आणि पोचा भिंतीकडे करून फळीवर उभं केलं. माणसांचं असंच असतं. काहीही चारचौघांत दाखवायचं झालं की आधी पुसून घ्यायचं आणि बिघडलेली बाजू भिंतीकडे करायची. तेव्हा मला याची गंमत वाटली होती.

मला विकत घेतलं भिंगरीच्या आईने. भिंगरी ही तिची मुलगी. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. चालायला लागली तेव्हापासून ती जागच्या जागी गरगर फिरायची, चक्कर येऊन पडायची आणि हसत उठून पुन्हा फिरायची, म्हणून भिंगरी. मी घरात आले तेव्हा ती सात वर्षं पुरी करून आठव्या वर्षात होती. माझ्या पोच्यावर अंगठा ठेवून म्हणाली, "आई, हिला खळी आहे!" मला ती तिथेच आवडली.

घर तिसऱ्या मजल्यावरचं. दोन खोल्या आणि एक लांबट स्वयंपाकघर, जिथे दोन माणसं एकमेकांना वाट दिल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाहीत. भिंगरीची आई पावाच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिची पाळी पहाटेची. मुलगी झोपेत असतानाच ती तिच्या कपाळाला ओठ लावून निघून जायची आणि दुपार कलल्यावर यायची, अंगाला गरम पावाचा वास घेऊन. पप्पा दुसऱ्या शहरात नोकरीला. त्यांचं स्वतःचं असं मत मी कधी ऐकलं नाही. त्यांचं मत म्हणजे अण्णांचं मत, फक्त फोनवरून आलेलं.

अण्णा म्हणजे भिंगरीचे आजोबा. सकाळ सगळी त्यांच्या ताब्यात. दूध, वेणी, दप्तर, डबा आणि मी.

अण्णांचा उभा जन्म फिटर म्हणून गेला. त्यांनी आवळलेला नट कधी सैल निघाला नाही, हे ते कुणालाही सांगायचे, दूधवाल्यालासुद्धा. निवृत्त झाल्यावर आवळायला नट मिळेनात, म्हणून ते घरातली झाकणं आवळायचे. तेलाचा डबा, औषधाची बाटली, नळ. माझं झाकणही तेच लावायचे, दात आवळून, शेवटी एक झटका देऊन. "गळायचं काम नाही," असं म्हणून मला भिंगरीच्या गळ्यात अडकवायचे. मला तेव्हा या झटक्याचा अभिमान होता. आम्ही दोघंही न गळणारी.

पहिले काही महिने बरे गेले. भिंगरी मला शाळेच्या पायरीवर ठेवून पळायची, धापा टाकत यायची, एका पिळात झाकण उघडायची आणि निम्मं पाणी पोटात, निम्मं गळ्यावर.

मग एका सकाळी तिने झाकणाला हात घातला आणि काढून घेतला. नुसता काढून घेतला, गरम तव्यावरून घ्यावा तसा. दोन्ही हातांनी पाहिलं. मला गुडघ्यांत धरून पाहिलं. तिची बोटं माझ्याभोवती बसत नव्हती. रोज बसायची, आज त्यांच्यात आणि माझ्यात फट राहत होती. मनगट माझ्या अंगाला टेकलं तेव्हा मला ते तापलेलं लागलं. ताप तिला नव्हता, तापलं होतं फक्त मनगट.

मधल्या सुट्टीपर्यंत बोटं थोडी सुटली. घरी येईपर्यंत ती बरीचशी सुटली. संध्याकाळी ती अंगणात फिरत होती, गरगर, हात पसरून.

दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच आहे. भिंगरी एकच होती, पण घरात दोन भिंगऱ्या राहायला लागल्या. एक सकाळची. ती पलंगावरून उतरताना आधी एक पाय खाली सोडायची, मग दुसरा, आणि भिंत धरून उभी राहायची. जिना एकेका पायरीला दोन्ही पाय टेकवत उतरायची. दुसरी संध्याकाळची, धडधाकट, थोडीशी दमलेली. सकाळची भिंगरी फक्त अण्णांनी पाहिली. आईच्या वाट्याला संध्याकाळची आली. सुट्टीच्या दिवशी भिंगरीला कुणी घाई करायचं नाही, ती चादरीत लोळत चित्रांची पुस्तकं पाहायची आणि अंग सुटलं की उठायची. आईला वाटायचं, झोपतेय बिचारी, झोपू दे.

आणि अण्णांना काय वाटायचं?

"नाटक. शाळा चुकवायची नाटकं. बाकी काही नाही. दुपारी कशी पळतेस गं? तेव्हा दुखत नाही?"

"तेव्हा नाही दुखत, अण्णा."

"बघ! स्वतःच्या तोंडानेच बोललीस."

ती खरं बोलली आणि त्याच खऱ्यात पकडली गेली. मोठ्या माणसांशी वाद घालण्यात हाच त्रास असतो.

तिने आईला सांगितलं नाही असं नाही. एका संध्याकाळी आई भांडी घासत होती, मी ओट्यावर उपडी. भिंगरी म्हणाली, "आई, सकाळी ना माझा हात माझा नसतो."

आई हसली. थकलेलं हसू. "मग कुणाचा असतो?"

"माहीत नाही. सुजलेल्या माणसाचा."

आईने तिचा हात हातात घेऊन पाहिला. संध्याकाळचा हात. थोडा फुगीर दिसला, पण मुलांचे हात फुगीर असतातच. "अण्णांना सांग हं, तेल लावून देतील," आई म्हणाली.

अण्णांनी तेल लावलं. नुसतं लावलं असतं तर ठीक होतं. पण अण्णा फिटर. त्यांच्या लेखी सांधा म्हणजे बिजागरी. बिजागरी करकरते कशाने? गंजाने. गंज येतो कशाने? न वापरल्याने. उपाय दोन, तेल आणि हालचाल. ते रोज सकाळी तिचं मनगट चोळायचे आणि मागे वाकवायचे, जोर लावून, "सुटेल, सुटेल" म्हणत. भिंगरी ओठ आत घेऊन बसायची. रडली तर नाटक ठरणार, नाही रडली तर दुखत नाही असं ठरणार. मी खिडकीत उभी असायची, गच्च भरलेली, गच्च बंद.

एक सांगते. अण्णांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं समजू नका. तिच्या वेणीत एक केस ओढला गेला तरी ते स्वतः "आई गं" म्हणायचे. म्हणून तर माझा जास्त संताप होतो. दुष्ट माणसापासून मुलांना वाचवता येतं. प्रेमाने चुकणाऱ्यापासून कोण वाचवणार?

डॉक्टरांना दाखवलं नाही, असंही नाही. दाखवलं की! घरचे डॉक्टरकाका. अण्णांच्या तरुणपणापासूनचे. पप्पांचा गोवर त्यांनीच काढलेला. त्यांचा दवाखाना फक्त संध्याकाळी उघडायचा.

त्या दिवशी अण्णांनी काय तयारी करावी! दुपारपासून तिला हलवून हलवून मोकळी केली. गरम पाण्याने आंघोळ. अंगणात दोन चकरा. नवा फ्रॉक, घट्ट वेणी. मी गळ्यात होतेच, जिन्यात सूचना चालूच.

"डॉक्टरकाकांसमोर लंगडायचं नाही हं. शहाण्या मुली लंगडत नाहीत. हात नीट पुढे करायचा. नमस्कार करायचा. त्यांना वाटायला नको की आम्ही तुझी काळजी घेत नाही."

जसा पाहुणे यायच्या आधी दिवाणखाना आवरतात, तसं त्यांनी दुखणं आवरलं. तिचा पोचा भिंतीकडे केला.

डॉक्टरकाका म्हणाले, "या भिंगरीबाई! काय होतंय? जरा पळून दाखवा बघू!"

भिंगरी पळाली. दारापर्यंत आणि परत. मुलांना परीक्षेत पास व्हायला आवडतं, मलाही आवडलं होतं.

"हिला काय धाड भरलीय?" डॉक्टरकाका हसले. "वाढीचं दुखणं, अण्णा. वाढत्या वयात होतं. कॅल्शियम देतो. पाणी भरपूर प्यायला लावा."

मग दोघं त्यांच्या काळातल्या हिवाळ्यांबद्दल बराच वेळ बोलत बसले. भिंगरी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिच्या उजव्या गुडघ्याची वाटी डावीसारखी दिसत नव्हती, भोवतीचे खळगे भरून आले होते. कुणी तिकडे पाहिलं नाही. तिने पळून दाखवलं होतं ना.

असं पुन्हा झालं, आणि मग पुन्हा. दर वेळी संध्याकाळ, दर वेळी नवा फ्रॉक.

शाळेत माझी वेगळीच शोभा. झाकण उघडेना म्हणून आधी ती शेजारच्या मुलीला सांगायची. ती मुलगी उघडून द्यायची. मग एक दिवस म्हणाली, "एवढंही येत नाही? आजीबाई!" झालं. वर्गभर आजीबाई. जिन्यावर आजीबाई, रांगेत आजीबाई, "आजीबाई, काठी आणली का?" त्यानंतर भिंगरीने कुणाला सांगितलं नाही. मला बाकावर समोर ठेवायची, पाहायची आणि थुंकी गिळायची. पोटात पाणी घेऊन तहानलेल्या मुलीसमोर उभं राहणं काय असतं, ते मला विचारा.

मी भरलेलीच घरी परत जायची. अण्णा मला हातात घेऊन तोलून पाहायचे.

"आजही प्यायली नाही! पाणी पीत नाही म्हणूनच सगळं दुखतं. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

आणि दुसऱ्या दिवशी मला काठोकाठ भरून, झाकण आणखी जोरात आवळायचे.

असं जवळपास वर्षभर चाललं. मनगट आता संध्याकाळीही पुरतं वळायचं नाही. भिंगरी जमिनीवरून उठताना तळवा टेकायचा सोडून मूठ टेकायला लागली होती. गरगर फिरणं कधी थांबलं, ते घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. अण्णा म्हणाले, "मोठी झाली. शहाणी झाली."

मग तो उन्हाळ्यातला दिवस आला. पहिल्याच तासाला कवायत. भिंगरी रांगेत उभी होती ती एकदम खाली बसली आणि मग आडवी झाली. वर्गाच्या बाई धावल्या. तोंडावर पाणी मारायला त्यांनी मलाच उचललं.

"बाटली तर भरलेली आहे! अगं, पाणी का नाही प्यायलीस?"

"उघडत नाही, बाई."

बाईंनी जोर लावून झाकण उघडलं, पुन्हा साधंच लावलं आणि मला तिच्या हातात दिलं. "आता उघड बघू."

भिंगरीने मला दोन्ही तळव्यांत धरलं, कोपरं पोटाशी दाबली आणि सगळं अंग वळवलं. हात वळले नाहीत. मी वळले नाही. बाई तिच्या मनगटाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी आईच्या कारखान्यात फोन लावला.

आई तशीच आली, केसांवर कारखान्याची टोपी, बाहीवर पीठ. शाळेच्या ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडून भिंगरी तिच्याकडे चालत आली. भिंत धरून. पाऊल टाकण्याआधी थांबून. आई तिच्याकडे पाहत होती, आणि मी आईकडे. आईने सकाळची भिंगरी कधी पाहिलीच नव्हती हो.

"हिला काय झालंय?" तिचा आवाज फाटला. "काल तर बरी होती!"

बाई म्हणाल्या, "सकाळी ती रोज अशीच चालते. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

"रोज?"

बाईंनी मान हलवली. खरं तर मला त्यांनाही चार शब्द सुनवायचे होते. रोज पाहत होतात, तर रोज का गप्प होतात? पण निदान फोन तरी त्यांनी केला.

आईने तिला कडेवर घेतलं. एवढ्या मोठ्या मुलीला. रस्त्यावर आली तेव्हा अण्णांचा फोन आला, शाळेतून त्यांनाही कळवलं होतं. आवाज इतका मोठा की मला गळ्यात लटकून सगळं ऐकू येत होतं.

"सूनबाई, घरी आण तिला. संध्याकाळी डॉक्टरांकडे नेऊ."

"मी मोठ्या हॉस्पिटलात चाललेय, अण्णा. आत्ताच."

"आत्ता? अशा अवतारात? अगं, संध्याकाळी जरा बरी होते ती. बरी असेल तेव्हा दाखवावं ना!"

आई भर रस्त्यात थांबली.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणजे... लंगडत, विस्कटलेली पोर घेऊन कुणी दवाखान्यात जातं का?"

आईने फोन बंद केला. सासऱ्यांचा फोन मध्येच बंद करायची तिची ती पहिली वेळ. मी गळणारी असते तर तेव्हा नक्की गळले असते.

हॉस्पिटलातली मुलांची डॉक्टर तरुण होती. तिने पळून दाखव म्हटलं नाही. तिने भिंगरीला जमिनीवर बसवलं आणि म्हणाली, "आता उठ. घाई नको." भिंगरी मूठ टेकून उठली. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवी बसली, एकेक बोट, मनगट, कोपर, गुडघा, घोटा, सगळं हलक्या हाताने चाचपलं. दोन्ही गुडघ्यांवर एकाच वेळी हाताची पाठ ठेवून ऊब पाहिली.

"हे असं कशाने होतं गं? तुला काय वाटतं?"

"मी नाटक करते म्हणून," भिंगरी म्हणाली.

डॉक्टरने तिचा हात सोडला नाही. आईकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "तू नाटक करत नाहीस. सांधे सकाळी आखडतात आणि दुपारी सुटतात, हीच मुलांच्या संधिवाताची खूण आहे. तू सगळं बरोबर सांगत होतीस."

भिंगरी तेव्हा रडली. वर्षभराचं राहिलेलं रडली.

पुढच्या खेपेला अण्णा आले. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. त्यांनी वाद घालायचा म्हणून घातला. "संधिवात म्हातारपणी होतो, डॉक्टर. माझे गुडघे बघा हवं तर. आठ वर्षांच्या पोरीला कसला संधिवात?"

"मुलांनाही होतो, आजोबा. थंडीने नाही, खाण्याने नाही, कुणाच्या शापाने तर नाहीच. का होतो, ते आम्हालाही धड माहीत नाही. अंगाची राखण करणारी जी यंत्रणा असते, तीच उलटते आणि सांध्याच्या आतलं अस्तर सुजवते. सूज महिनोन्महिने राहिली तर सांधा आतून खराब होतो आणि आखडलेल्या जागीच धरून बसतो."

"मी रोज तेल लावून ही बिजागरी मोकळी करत होतो. गंजू नये म्हणून."

डॉक्टर थकलेली होती आणि बाहेर रांग होती. तिने शब्द निवडले नाहीत.

"बिजागरी गंजलेली नाही, आजोबा. तिला आग लागलीय. आणि तुम्ही तेल ओतत होता."

अण्णांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर आले. खुर्चीत बसले ते औषधांसाठी नाव पुकारेपर्यंत तसेच. मला त्यांचा राग होता, आजही आहे, पण त्या खुर्चीकडे मला बघवेना.

मग सुरू झालं ते सगळं. गुडघ्यात इंजेक्शन. आठवड्यातून एकदा घ्यायच्या पिवळ्या गोळ्या, ज्यांच्या नुसत्या रंगाने भिंगरीला मळमळायचं. मनगटाला झोपताना बांधायची पट्टी. ठरलेले व्यायाम, जोर न लावता, कोमट पाण्यात. दर तीन महिन्यांनी डोळ्यांची तपासणी, कारण हीच सूज डोळ्यातही शिरते आणि तिथे ती दुखत नाही, लाल होत नाही, गुपचूप नजर खाते. पप्पांनी फोनवर विचारलं, "डोळे कशाला? तक्रार आहे का तिची?" आई म्हणाली, "तक्रार केली होती तेव्हा आपण काय दिवे लावले?" त्यानंतर पप्पांनी स्वतःचं मत बनवायला सुरुवात केली असावी, निदान गप्प राहायला तरी.

आईने दुपारची पाळी मागून घेतली. भिंगरीला शाळेत दुसरी, नळीची, हलकी बाटली मिळाली. ठीक आहे. मला वाईट वाटलं नाही असं म्हणत नाही, पण ठीक आहे.

औषधं लागू पडली. बोटं सुटली. गुडघ्याचे खळगे परत दिसायला लागले. पण उजवं मनगट? डॉक्टर दर वेळी कोन मोजायची पट्टी लावायची. सुरुवातीला थोडं थोडं उघडत गेलं आणि मग एका जागी थांबलं. तळवा भिंतीला सपाट टेकत नाही. अण्णा दर खेपेला एकच विचारतात, "अजून किती उघडेल?"

"जेवढं उघडलंय तेवढं राखू या," डॉक्टर म्हणते.

म्हणजे नाही. मोठी माणसं नाही असं सरळ कधीच म्हणत नाहीत.

आता मी पलंगाजवळच्या स्टुलावर असते. रोज उजाडलं की अण्णा माझ्यात गरम पाणी भरतात, टॉवेलात गुंडाळतात आणि भिंगरीच्या हातांमध्ये देतात. ती मला मांडीवर धरून बसते, बोटं शेकते, मग हलकेच पुढेमागे फिरवते. अण्णा समोर बसून राहतात. चोळत नाहीत, वाकवत नाहीत. हातांना काही काम नसलेले अण्णा पाहणं अवघड आहे.

परवा ती म्हणाली, "अण्णा, तुम्हाला तेव्हा खरंच वाटायचं का, की मी नाटक करते?"

अण्णांनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. ते बोलले नाहीत.

"हो."

"आणि आता?"

"आता वाटतं, नाटक असतं तर किती बरं झालं असतं."

तेव्हा ऐका, ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी. सकाळी उठताना पाहा त्याला. संध्याकाळचं हसणं पाहून सकाळचं दुखणं खोटं ठरवू नका. डॉक्टरकडे न्यायचं तर विस्कटलेलं न्या, लंगडत न्या, सुजलेलं न्या. तिथे कुणाला तुमच्या घरची शोभा बघायची नसते. आणि मूल सांगतं तेव्हा त्याच्या वयाला उत्तर देऊ नका, त्याच्या दुखण्याला द्या. तुमचा अनुभव चार दिवस बाजूला ठेवलात तर तो काही गळून जाणार नाही.

एवढं सांगून मी थांबणार होते. पण आज सकाळचं राहिलं.

भिंगरीने मला हातांत घेतलं. उजव्या हाताची मला आता सवय आहे, तो जसा आहे तसा आहे. पण माझ्या दुसऱ्या बाजूला, डाव्या मनगटाला, आज टॉवेलातूनही ऊब लागत होती. ती माझी नव्हती.

पूर्वी ती ओठ आत घ्यायची. आज तिने घेतले नाहीत. मोठ्याने म्हणाली, "आई, आज डावा हात गरम आहे. बोटं मिटत नाहीत."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. आई ओल्या हातांनीच आली. तिने मनगट स्वतःच्या गालाला लावून पाहिलं आणि अण्णांकडे बघितलं. अण्णा उठले होते. "चपला कुठेत माझ्या?" एवढंच म्हणाले. कुणी तोंड धुवायला सांगितलं नाही, कुणी केस विंचरले नाहीत. भिंगरी झोपेतल्या कपड्यांत, आई तिच्यामागे, अण्णा तिच्या पुढे, जिन्यात ती पडलीच तर अंगावर घ्यायला.

दार ओढून घेतल्याचा आवाज आला. खाली फाटक वाजलं.

मी पलंगावर आडवी आहे, टॉवेल अर्धा सुटलेला. या वेळी उशीर केला नाही कुणी. तेवढ्याने डावा हात वाचेल का, हे मला माहीत नाही, डॉक्टरलाही आज सांगता येणार नाही. माझ्यातलं पाणी निवत चाललंय. ती परत येईल तेव्हा ते गार झालेलं असेल, पुन्हा तापवावं लागेल. तापवा म्हणावं. मी इथेच आहे.